शुभ्रावर शुभ्र : ध्रुवीय अस्वलाच्या छायाचित्राची मांडणी



वैशाखाच्या उन्हाने अंगाची लाही होत असताना उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाच्या गोष्टी सांगावयास कोणी उभा राहिला, म्हणजे तो आपल्याला घटकाभर गारवा देण्यासाठीच आला असावा असा आपला समज होईल. त्या समजाला माझी हरकत नाही. परंतु मला आज बोलावयाचे आहे ते एका अडचणीविषयी. पांढरे जनावर पांढऱ्या भूमीवर, आणि बहुधा पांढऱ्याच आभाळाखाली उभे आहे. त्याचे छायाचित्र घ्यावयाचे आहे. चित्रकलेचा थोडाबहुत गंध असलेला कोणीही लगेच विचारील की, अहो, मग कागदावर उमटणार काय? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली प्रकाशाच्या शास्त्राची, दुसरी मांडणीच्या कलेची आणि तिसरी खऱ्याखोट्याच्या विवेकाची. तिसरी पायरी सर्वांत अवघड, हे आधीच सांगून ठेवतो.

आर्क्टिक हा शब्द मराठी घरांत तसा परका नाही. लोकमान्यांचा आर्यांच्या मूलस्थानाविषयीचा ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. त्यातला सिद्धान्त आज विद्वानांना मान्य नाही, तरी महिनोन्‌महिने न मावळणाऱ्या सूर्याची आणि लांबलचक उषेची कल्पना त्याने आपल्या आजोबा-पणजोबांच्या मनांत रुजविली. आज तर नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात ‘हिमाद्री’ नावाचे भारताचे संशोधन केंद्र २००८ सालापासून आहे, आणि त्याचा कारभार गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था पाहते. तेव्हा आजचा विषय वाटतो तितका दूरचा नाही.

हेच स्वालबार्ड ध्रुवीय अस्वलांचे एक मोठे ठिकाण. दुसरे प्रसिद्ध ठिकाण कॅनडात हडसन उपसागराच्या काठी असलेले चर्चिल हे गाव. तेथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात अस्वले किनाऱ्यावर जमतात आणि समुद्र गोठण्याची वाट पाहतात. कारण या प्राण्याचे खरे शेत म्हणजे गोठलेला समुद्र. त्या बर्फावर उभे राहून तो सील मारतो, आणि बर्फ नसेल त्या काळात बहुतांशी अंगच्या चरबीवर दिवस काढतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारण ३५० ते ६०० किलो भरते. मादी त्याच्या निम्म्याच्या आसपास. साऱ्या जगात मिळून ही अस्वले सुमारे २६,००० असावीत असा २०१५ सालचा अंदाज आहे. एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावची वस्ती, तेवढीच त्यांची साऱ्या पृथ्वीवरची संख्या.

आता पहिली पायरी. अस्वल पांढरे आहे असे आपण म्हणतो, पण ते तितकेसे खरे नाही. त्याच्या केसांत रंगद्रव्य नसते. केस पारदर्शक, आतून पोकळ; त्यांवर प्रकाश विखुरतो म्हणून ते पांढरे दिसतात. खालची कातडी काळी असते. शिवाय सीलच्या चरबीचे तेल आणि मळ लागून केसांवर पिवळसर झाक येते. ताज्या हिमाशेजारी अस्वल उभे राहिले म्हणजे ते सायीच्या किंवा जुन्या हस्तिदंताच्या रंगाचे दिसते. उलट हिमाची सावली निळी असते, कारण सूर्य अडला तरी निळ्या आभाळाचा उजेड तेथे पोहोचतच असतो. जाड जुन्या बर्फाचा अंतर्भागही निळा दिसतो, कारण बर्फ तांबडा प्रकाश अधिक शोषून घेतो. म्हणजे आपण ज्याला पांढऱ्यावर पांढरे म्हणत होतो, ते वास्तविक निळ्यावर पिवळसर आहे. ही गोष्ट ज्याच्या ध्यानी आली त्याचे अर्धे काम झाले. अशा वेळी तो अस्वलाच्या मागे उन्हातले हिम घेण्याऐवजी एखाद्या उंचवट्याची सावली कशी येईल ते पाहतो.

परंतु डोळ्याला जे कळते ते कॅमेऱ्याला आपोआप कळत नाही. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक एक ठरावीक गृहीत धरून चालतो. समोरचे सारे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणारे आहे, असा त्याचा हिशेब. ताजे हिम तर ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकते. मापकाला वाटते, अरे, हा फारच उजेड झाला! आणि तो प्रकाश कमी करून टाकतो. परिणाम असा की शुभ्र हिम राखेसारखे येते आणि अस्वल मळक्या गोणपाटासारखे. म्हणून हिमप्रदेशात मापक सांगेल त्याहून एक ते दोन स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. मात्र येथेही हात आखडता ठेवावा. प्रकाश फार दिला तर अस्वलाच्या पाठीवरचे उन्हातले केस जळून जातात, म्हणजे तेथे नुसता कोरा कागद उरतो. आणि एकदा गेलेला तपशील मागाहून कोणत्याही युक्तीने परत येत नाही.

हे पडताळून पाहण्यास उत्तर ध्रुवावर जाण्याची गरज नाही. आज घरी गेल्यावर पलंगावर पांढरी चादर अंथरा. तिच्यावर एक पांढरी कपबशी ठेवा. खोलीतला वरचा दिवा लावून बघा. कपबशी चादरीत विरघळल्यासारखी वाटेल. आता तो दिवा मालवा आणि टेबलावरचा दिवा एका बाजूने, खालच्या पातळीवर धरा. कपाची एक कड उजळेल, दुसरीकडे सावली पडेल, चादरीच्या सुरकुत्या डोंगररांगांसारख्या उभ्या राहतील. वस्तू त्याच, रंग तोच. उजेडाची दिशा बदलली आणि आकार जन्माला आला.

निसर्गाने हा बाजूचा दिवा ध्रुवप्रदेशाला उदार हाताने दिला आहे. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य भर माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि एका दिवशी तर सावली पायाखाली नाहीशी होते. स्वालबार्ड आहे ७८ अक्षांशाच्या आसपास. तेथे वर्षातल्या सर्वांत उंच दिवशी, २१ जूनला, दुपारचा सूर्य क्षितिजापासून फक्त ३५ अंशांवर असतो आणि मध्यरात्री तो साडेअकरा अंशांवर येतो. मावळत मात्र नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत तो असाच क्षितिजाभोवती प्रदक्षिणा घालीत राहतो. आपल्या छायाचित्रकाराला सकाळ-संध्याकाळी मिळून घटका-दोन घटका जो तिरपा सोनेरी उजेड मिळतो, तो तेथे मध्यरात्रीच्या आगेमागे तासन्‌तास मिळतो. म्हणून तेथले जाणकार दुपारी झोपतात आणि रात्री जागतात. सूर्य अस्वलाच्या मागे असेल तर त्याच्या केसांची सोनेरी किनार उजळते, आणि शरीर निळसर सावलीत राहूनही त्याची आकृती स्पष्ट होते.

आणि आभाळ भरून आले तर? सावली नाही, क्षितिज नाही, भूमी आणि आकाश एकच होऊन गेलेले. अशा वेळी मदतीला येतात ते अस्वलाचे दोन डोळे आणि नाक. साऱ्या शुभ्र पसाऱ्यात एवढेच तीन काळे ठिपके. आपण गोऱ्या बाळाच्या गालावर तीट लावतो तेव्हा पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम तेथेच जाते. या तीन ठिपक्यांचेही तसेच आहे. ते नीट रेखीव आले तर बाकीचे अस्वल धुक्यात असले तरी चालते. चित्र उभे राहते. ते पुसट झाले किंवा अस्वलाने तोंड फिरविले, की समोर उरतो तो एक पिवळट ढीग.

आता दुसऱ्या पायरीकडे, चौकटीच्या मांडणीकडे, वळू. येथे पहिला प्रश्न उंचीचा आणि अंतराचा. स्वालबार्डला बहुतेक पाहुणे जहाजातून अस्वल पाहतात. जहाजाचा कठडा पाण्यापासून १० मीटर उंच आहे असे धरू. अस्वल ३० मीटरांवर आले तर आपली दृष्टी त्याच्यावर सुमारे १८ अंशांनी खाली उतरते. चित्रात काय येते? अस्वलाची पाठ, आणि मागे सर्वत्र बर्फाची फरशी. क्षितिज नाही, आभाळ नाही. राजासारखा प्राणी गच्चीवरून पाहिलेल्या गाईसारखा दिसतो. तेच अस्वल ३०० मीटरांवर असेल तर हा कोन दोन अंशांहूनही कमी भरतो. आपण जणू त्याच्या डोळ्याला डोळा लावून उभे आहो असे वाटते. पाठीमागे बर्फाचे उंचवटे, त्यांमागे डोंगर आणि त्यांवर आभाळ, असे सारे थर चित्रात येतात. म्हणजे जवळ जाण्याने चित्र चांगले येते हा जो आपला समज, तो येथे उलटा ठरतो.

योगायोग असा की कायदाही आता हेच सांगतो. स्वालबार्डमध्ये अस्वलाला १९७३ सालापासून संरक्षण आहे. त्याचा पाठलाग करू नये, त्याला आमिष दाखवू नये, त्रास देऊ नये, असा दंडक पूर्वीपासून होताच. पण त्यात मीटरांचा आकडा नव्हता. १ जानेवारी २०२५ पासून तो आला. एरवी ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर, याहून जवळ जाण्यास मनाई. वसंतातच अंतर अधिक का? कारण मादी हिवाळ्यात हिमाच्या विवरात पिल्ले देते, बहुधा दोन, आणि मार्च-एप्रिलात त्यांना घेऊन बाहेर पडते. कित्येक महिने ती उपाशी असते. त्याच सुमारास बर्फावर सीलची पिल्ले जन्मतात आणि अस्वलांचा वर्षाचा सुगीचा हंगाम सुरू होतो. अशा वेळी पळावयास लावलेला एकेक तास तिच्या आणि पिल्लांच्या पोटावर पडतो.

हे अंतर पाळले म्हणजे चित्रात अस्वल केवढे येईल, याचा हिशेब कागदावर करता येतो. अस्वलाची लांबी २.४ मीटर, भिंग ६०० मिलिमीटरचे, अंतर ३०० मीटर. सेन्सरवर अस्वलाची प्रतिमा पडेल ४.८ मिलिमीटरची. सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर. म्हणजे अस्वल चौकटीच्या रुंदीचा सुमारे साडेसातवा भाग व्यापील. ५०० मीटरांवरून तर बारावा-तेरावा भाग. पुष्कळांना हा आकडा ऐकून हिरमोड होतो. चौकटभर मुखडा हवा होता, आणि मिळाला कोपऱ्यातला एक ठिपका! परंतु मला विचाराल तर या कायद्याने छायाचित्रकारावर उपकारच केले आहेत. मुखडा हा प्राणिसंग्रहालयातही मिळतो. त्या मुखड्याभोवतालची कोसभर निर्जनता मात्र तेथे मिळत नाही. चौकटीचा साडेसातवा भाग अस्वल आणि उरलेला सारा भाग त्याचे जग, हे प्रमाण वस्तुस्थितीच्या अधिक जवळचे आहे.

मात्र चौकटीचा एवढा भाग रिकामा मिळाला तर त्या रिकामेपणाला काम द्यावे लागते. गायनात जसा दोन स्वरांमधला विश्राम अर्थपूर्ण असतो, तसा चित्रातला मोकळा भागही. अस्वल चालत असेल तर ज्या दिशेला चालले आहे तिकडे जागा अधिक सोडावी; नाहीतर ते चौकटीच्या भिंतीवर डोके आपटणार असे वाटते. परंतु मागे उमटलेली पावलांची लांब ओळ डोळ्याला अस्वलापर्यंत घेऊन जाणारी असेल, तर हाच नियम मोडून मागची जागा अधिक ठेवावी. ती ओळ त्याच्या प्रवासाची कथा सांगते. क्षितिजाने चौकटीचे बरोबर दोन तुकडे करू नयेत. आभाळ रंगलेले असेल तर क्षितिज खाली घ्यावे, बर्फाच्या भेगा आणि पाण्याच्या चिरा सुंदर असतील तर ते वर न्यावे. क्षितिजाची रेषा अस्वलाच्या मानेतून किंवा डोक्यातून जाऊ देऊ नये. काळे पाणी, करडा खडक, निळा हिमखंड यांपैकी एखादी गोष्ट अस्वलाच्या मागे येईपर्यंत थांबावे. शुभ्राला शुभ्रपणा येतो तो शेजारच्या गडद रंगामुळे.

लांब अंतराचा एक तोटाही सांगितला पाहिजे. मधली हवा लहरते. जहाजाचे ऊबदार पत्रे, थंड बर्फ आणि त्यांवरून वाहणारे कमी-अधिक उष्णतेचे थर, यांमुळे तापलेल्या डांबरी रस्त्यावर दिसते तशी थरथर चित्रात येते आणि ते तीन काळे ठिपके विरघळतात. यावर उपाय भिंगात नाही. ढग येण्याची, गारठा समान होण्याची वाट पाहणे, हाच उपाय.

आणि वाट पाहण्याचा गुरू तर समोरच असतो. सील श्वास घेण्यासाठी बर्फात छिद्र राखून ठेवतो. अस्वल त्या छिद्राशी डोके खाली करून बसते किंवा आडवे पडते, आणि तासन्‌तास हालत नाही. हाही प्रसंग चित्राचा आहे. पाहणाऱ्याला वरवर काही घडत नाही असे वाटते एवढेच. ज्याने हे ओळखले तो वाकलेली मान, ताणलेले खांदे आणि छिद्राचा काळा डाग या तिन्हींची एक रेषा पकडतो. पण अस्वलाने मान वर करून तुमच्याकडे पाहिले, ते उठले आणि चालू लागले, तर समजावे की शिकार गेली आणि चित्रही गेले. त्या क्षणाचे छायाचित्र अस्वलाचे नसते. आपण तेथे जाऊन केलेल्या उपद्रवाचे असते. हा उपद्रव जिवावरही बेततो. जुलै २०१८ मध्ये स्वालबार्डच्या उत्तरेकडील एका बेटावर पर्यटक जहाजातून उतरलेल्या एका रक्षकावर अस्वलाने हल्ला केला आणि ते अस्वल गोळी घालून मारण्यात आले. तो मनुष्य वाचला. पाहुणा मात्र अस्वल नव्हते, हे विसरता येत नाही.

आता तिसरी पायरी. चौकट म्हणजे निवड. आणि निवड म्हणजे काहीतरी वगळणे. हिमखंडाच्या लहानशा तुकड्यावर अस्वल उभे आहे, चारी बाजूंना पाणी. चित्र पाहून आपले मन गलबलते, बिचारे अडकले! पण चौकटीच्या बाहेर, शंभर हातांवर, किनारा असू शकतो. अस्वल हे पट्टीचे पोहणारे जनावर आहे, त्याचे शास्त्रीय नावच ‘समुद्रावरचे अस्वल’ अशा अर्थाचे आहे. मग ते चित्र खोटे का? तसेही म्हणता येत नाही. २००८ साली अलास्काच्या उत्तरेला गळ्यात यंत्र बांधलेली एक मादी नऊ दिवस सलग पोहून ६८७ किलोमीटर गेल्याची नोंद झाली. तिचे वजन एकपंचमांशाहून अधिक घटले आणि तिचे वर्षाचे पिल्लू वाटेतच दगावले. म्हणजे पोहता येते हे खरे, आणि बर्फ दूर गेल्याने पोहण्याची किंमत वाढते, हेही खरे. एका चौकटीत दोन्ही सत्ये मावत नाहीत. उरलेले सत्य खालच्या ओळीत लिहावे लागते.

आणि ती खालची ओळ किती जपून लिहावी, याचे उदाहरण फार बोलके आहे. २०१७ साली कॅनडाच्या उत्तरेकडील एका बेटावर उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या अस्वलाचे चलच्चित्र घेण्यात आले. ते जगभर पाहिले गेले. त्यासोबतच्या शब्दांत हवामानबदलाशी त्या अस्वलाचा थेट संबंध जोडला होता. पुढे २०१८ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’नेच मान्य केले की तसा निश्चित संबंध जोडण्यात आपण मर्यादा ओलांडली, ते विशिष्ट अस्वल आजाराने, जखमेने की वार्धक्याने खंगले होते, हे कोणालाच सांगता येण्यासारखे नव्हते. यातून नुकसान कोणाचे झाले? सत्याचेच. कारण आर्क्टिक समुद्रावरील सप्टेंबरातला बर्फ उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्यापासून मोठ्या प्रमाणात घटला आहे, २०१२ साली तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर इतका खाली आला. आणि हडसन उपसागराच्या पश्चिम भागातली अस्वले २०१६ मधील ८४२ वरून २०२१ मध्ये ६१८ वर आल्याचा अंदाज आहे. एवढे बळकट पुरावे हाती असताना एका दुबळ्या साक्षीदाराला उभे केले, की विरुद्ध पक्षाला सारा खटलाच खोटा म्हणण्याची सोय होते.

याच्या उलट एक चित्र सांगतो. नीमा सारीखानी या हौशी छायाचित्रकाराने स्वालबार्डजवळ टिपलेले ‘बर्फाची शय्या’ अशा अर्थाच्या नावाचे छायाचित्र २०२४ साली लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या स्पर्धेत लोकांच्या पसंतीचे ठरले. दाट धुक्यात तीन दिवस शोध केल्यावर जहाजावरील लोकांना अस्वले दिसली. मध्यरात्रीच्या सुमारास एक तरुण अस्वल लहानशा हिमखंडावर चढले, पंजांनी बर्फ खरवडून त्याने अंथरूण केले आणि ते झोपी गेले. चित्रात एवढेच आहे. कोणी मरत नाही, कोणी आक्रोश करीत नाही. झोपलेला प्राणी, त्याच्या अंगाखालचा निमुळता बर्फ आणि भोवतालचे पाणी. पाहणाऱ्याच्या मनात जो प्रश्न उठतो, तो चित्राने त्याच्यावर लादलेला नसतो. तो त्याचा त्यालाच सुचतो. मांडणीची कला म्हणतात ती हीच, असे मला वाटते.

आपल्यापैकी फार थोड्यांना ध्रुवप्रदेशी जाण्याचा योग येईल, आणि सर्वांनीच तेथे जावे असेही नाही. परंतु नदीकाठच्या शेतात, नांगराच्या मागे उभा असलेला बगळा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तोही शुभ्रच आहे. त्याच्यावर दुपारच्या उन्हात कॅमेरा धरला तर त्याचीही पिसे जळतात. त्यालाही काळ्या मातीची पार्श्वभूमी, सकाळचा तिरपा उजेड, उडू न देणारे अंतर आणि वाट पाहणारा मनुष्य हवा असतो. उद्या पहाटे उठून हा प्रयोग करून पाहा. बगळा उडाला नाही आणि त्याने मासा पकडला, तर समजा की आपल्याला अस्वलाचेही चित्र जमले असते.